वनस्पतिजन्य नॅनोतंतूंनी प्रबलित प्लॅस्टिक

लाकूड, कापूस, बांबू इत्यादींतील सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू मिसळून बळकट केलेल्या प्लॅस्टिकला वनस्पतिजन्य नॅनोतंतूंनी प्रबलित प्लॅस्टिक म्हणतात. या तंतूंची जाडी साधारणतः ३ ते १०० नॅनोमीटर असते. त्यांची घनता पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश, तर ताणबल पोलादाच्या कित्येक पट असते. मात्र हे बळ सुट्या तंतूचे होय. तयार वस्तूत ते पूर्णपणे उतरत नाही.

याचे मुख्य कारण पाणी हे आहे. नॅनोतंतू पाण्यातच सुटे केले जातात. ते तसेच वाळवल्यास एकमेकांना चिकटून पुन्हा जाड होतात. शिवाय सेल्युलोज जलस्नेही व पॉलिप्रोपिलीनसारखे प्लॅस्टिक जलविरोधी असल्याने मिश्रणात गुठळ्या होतात आणि वस्तू नेमकी तेथेच तडकते. उष्णतेचाही प्रश्न आहे. नायलॉन-६ सुमारे २२० अंश सेल्सियसला वितळते. त्याच सुमारास सेल्युलोज करपू लागते.

जपानमधील क्योतो विद्यापीठात हिरोआकी यानो यांच्या गटाने यावर उपाय शोधला. लगद्यावर आधी रासायनिक प्रक्रिया करून तो वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये मळतात. मळतानाच त्याचे नॅनोतंतू सुटे होतात. अशा साहित्याचा वापर केलेली मोटार २०१९ च्या तोक्यो मोटार प्रदर्शनात मांडण्यात आली.

महाराष्ट्रात मुंबईतील माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (स्थापना १९२४) २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना सुरू केला. त्याची क्षमता एका पाळीत १० किलो होती. टनांनी माल लागणाऱ्या मोटारउद्योगाच्या दृष्टीने ती अल्पच. सूतकताईस निरुपयोगी ठरणारे सरकीवरील आखूड तंतू यासाठी कच्चा माल म्हणून वापरता येतात.