भाताला मानवतो, गुलाबाला का नाही?

जूनमध्ये शाळा उघडते, पाऊस स्थिरावतो आणि शहापूर-मुरबाड भागात बऱ्याच ठिकाणी वृक्षारोपणाबरोबर दारापुढे गुलाबाची चार कलमेही लागतात. श्रावण सरेपर्यंत त्यांची पाने पिवळी पडून गळतात, फांद्या टोकाकडून काळवंडतात आणि 'आपल्याकडच्या हवेत गुलाब होत नाही' असा निष्कर्ष निघतो. हवेला दोष देण्याआधी जमिनीखाली काय चालले आहे ते पाहू.

मुळेही श्वसन करतात. त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या, की हवेचा मार्ग जवळजवळ बंद होतो, कारण ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग इतक्याच वेगाने पाण्यातून पसरतो. मुळे गुदमरतात, कुजतात आणि पाण्यात उभे असलेले झाड तहानेने सुकल्यासारखे दिसते! मग भात कसा तगतो? भाताच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांकडून आलेली हवा त्यांतून थेट मुळांपर्यंत पोहोचते. गुलाबाजवळ ही सोय नाही.

हे वर्गात सहज दाखवता येईल. भोके नसलेल्या दोन डब्यांत माती भरून एकात मोड आलेला मूग, दुसऱ्यात मोड आलेले भात लावा. रोपे बोटभर झाली की दोन्हींत मातीवर थोडे पाणी सतत साचू द्या. आठ-दहा दिवसांत मूग पिवळा पडू लागेल, भात मात्र हिरवागार राहील.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या अलीकडे, आपल्याकडे, तो सुमारे तिप्पट, आणि बहुतेक चारच महिन्यांत. तेव्हा पुणेकरांचे वेळापत्रक आपण जसेच्या तसे उचलू नये. कलमे ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर लावावीत. म्हणजे पुढच्या पावसापूर्वी मुळांना आठ महिने मिळतात. जागा दिवसातून सहा तास उन्हाची हवी. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. भातखाचरातली माती मात्र आणू नये. चिखलणीत तिचे कण फुटून पोकळ्या मोडलेल्या असतात, आणि भाताला हवी असलेली नेमकी हीच गोष्ट गुलाबाला घातक ठरते. त्यापेक्षा माळावरची मुरमाड माती आणि चांगले कुजलेले शेणखत बरे. डोळा भरलेला सांधा मातीच्या वर राहू द्यावा. सांध्याखालून येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे रानगुलाबाचा असतो; तो मुळाशीच काढावा. सात पर्णिका म्हणजे रानटी, पाच म्हणजे कलमी, ही समजूत भरवशाची नाही. फुटवा कुठून निघाला तेच पाहावे.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे पानांवरचे काळे ठिपके. ही 'डिप्लोकार्पॉन रोझी' या बुरशीची करामत. तिचे बीजाणू रुजायला पान सलग सात तास तरी ओले राहावे लागते. आपल्याकडे जुलैत पान कोरडे कधी असते, हाच प्रश्न! गळलेल्या पानांवरचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडून खालच्या पानांवर बसतात. म्हणून रोगट पाने रोज वेचून जाळावीत आणि बुंध्याभोवती पेंढ्याचा थर द्यावा. पेंढ्याची आपल्याकडे वाण नाही. तळेगाव दाभाडे परिसरात गुलाब हरितगृहांत वाढवतात, त्यालाही छताखाली पाने कोरडी राहतात हे एक कारण आहेच. शाळेच्या बागेत मुले वावरतात, तिथे विषारी फवारे मुळीच नकोत, असे माझे मत आहे.

छाटणी ऑक्टोबरच्या मध्याला करावी. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खाली उतरून खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा काढला की डोळे जागे होतात. बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घेतला, तर फांद्या बाहेर पसरतात आणि झाडाच्या पोटात हवा खेळते. पेन्सिलीहून बारीक, वाळलेल्या फांद्या काढून टाकाव्यात. साधारण दीड महिन्यात फुले येतात. जाड कापांवर बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करून, एकूण एक लिटर करावे. हे काम मोठ्यांनीच करायचे. त्यात लोखंडी खिळा बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना हवा. दहावीच्या मुलांना ही विस्थापन अभिक्रिया ओळखता आली पाहिजे.

उरतो उन्हाळा. १८९२ साली बांधून झालेल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईला जाते, पण शहापूरच्या कित्येक पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी गुलाबासाठी पिण्याचे पाणी वापरणे योग्य नव्हे. घरी तांदूळ-भाजी धुतलेले पाणी सकाळी बुंध्याशी घालावे, शाळेत हात धुण्याच्या नळाखालचा पाट वाफ्याकडे वळवावा. साबण फार असेल तर मात्र नको. कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी जाळी विणतात. पानांचा मागचा भाग आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसला तरी ते आटोक्यात राहतात, आणि त्याला तांब्याभर पाणी पुरते.