जलपर्णी पोसतं कोण?

उन्हाळ्यात पुण्याची मुळा-मुठा किंवा इचलकरंजीजवळची पंचगंगा हिरवीगार दिसते, ती जलपर्णीमुळे. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, तीही जांभळ्या फुलांच्या हौसेपायी! अनुकूल पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या जाड थराखाली ऊन पोहोचत नाही, त्यामुळे पाण्यातल्या इतर वनस्पती मरतात. ती स्वतः कुजू लागली की पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि मासे तडफडतात. डासांची मात्र चंगळ. यंत्रांनी ती काढतात खरी. पण बिया गाळात पंधरा-वीस वर्षं तग धरतात आणि सांडपाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस तिला आयताच मिळतो. मैलापाणी नदीत सोडणं थांबत नाही, तोवर जलपर्णी काढण्याची कंत्राटं म्हणजे निव्वळ पैशांचा चुराडा.