नळी न लावणारा डॉक्टर

पांढरकवडा सोडून टिपेश्वरच्या जंगलाकडे वळलं की दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर सुरू होते आणि मोबाईलची रेंज ये-जा करू लागते. या पट्ट्यातल्या उपकेंद्रावर आता आयुष्मान आरोग्य मंदिराचा फलक आहे. टेबलावर बीपीचं मशीन, शुगरच्या पट्ट्यांची डबी आणि एक टॅबलेट. टेबलामागे समुदाय आरोग्य अधिकारी, गावासाठी सीएचओ मॅडम. समोरच्या बाकावर बसलेल्या बहुतेक बायका साठीच्या पुढच्या. वेचणीच्या दिवसांत धडधाकट माणसं इथे दुपारनंतरच दिसतात.

काम ठरलेल्या क्रमाने चालतं. बीपी घ्यायचं, बोटाला टोचून शुगर बघायची, वजन लिहायचं. मग ई-संजीवनी हे दूरसल्ल्याचं सरकारी ॲप उघडून रुग्णाची नोंद करायची, तक्रार भरायची आणि पलीकडचा डॉक्टर मोकळा होईपर्यंत थांबायचं. डॉक्टरांचा चेहरा आला की टॅबलेट आजीकडे वळतो. डॉक्टर विचारतात स्क्रीनमधून, आजी उत्तर देते मॅडमकडे बघून. ‘जेवणाआधी गोळी घेता का?’ या प्रश्नाचं उत्तर मॅडमना आधीच माहीत असतं, कारण मागच्या महिन्याच्या गोळ्या त्यांनीच मोजून दिलेल्या असतात. दोन-तीन मिनिटांत बोलणं संपतं, औषधांची यादी पडद्यावर येते आणि गोळ्या लगेच शेजारच्या कपाटातून हातात पडतात.

हा डॉक्टर नळी लावत नाही, सुई देत नाही. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात जाऊन आल्यासारखं वाटत नाही, असं मानत पिढ्याच्या पिढ्या गेल्या. तरीही आजी पुढच्या महिन्यात परत येते. तिचा हिशेब अगदी साधा आहे. पांढरकवड्याला जायचं तर एसटीची वाट बघा, सोबत कुणाला तरी घ्या, आणि वेचणी किलोवर असल्यामुळे त्या सोबत्याची दिवसभराची मजुरी बुडवा. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथून आणखी सत्तरेक किलोमीटर, नागपूर तर दीडशेच्या आसपास. बीपीच्या गोळ्या चालू ठेवण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? त्यामुळे गोळ्याच बंद पडत. उपकेंद्रातल्या पडद्याने हा खटाटोप वाचवला.

अमेरिकन संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की नवं तंत्र माणूस दोन गोष्टींवर पारखतो: त्याचा उपयोग किती आणि ते वापरायला सोपं किती. पुढच्या अभ्यासकांनी त्यात आणखी दोन गोष्टींची भर घातली: भोवतालच्या माणसांचा प्रभाव आणि मदतीची सोय. पांढरकवडा ज्यात येतं त्या केळापूर तालुक्यात या शेवटच्या दोन गोष्टींचं वजन सर्वांत जास्त दिसतं. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, म्हाताऱ्या माणसांची भाषा कोलामी. डॉक्टरांची मराठी तिथे निम्मीच पोचते, उरलेली आशाताई पोचवते. ती त्याच भागातली असते, घरातल्या बाळंतपणाला ती धावलेली असते. तिने ‘हे डॉक्टर चांगले आहेत’ म्हटलं की विषय संपतो.

देशाचे आकडेही हेच सांगतात. ई-संजीवनी नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, घरबसल्या थेट डॉक्टरांशी बोलण्याची सोयही आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एकूण सल्ल्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला, आणि त्यातले बहुसंख्य सल्ले आरोग्य केंद्रात कर्मचाऱ्याच्या शेजारी बसून घेतलेले होते. मात्र या आकड्यांकडे डोळे मिटून बघू नये. सीएचओंच्या मोबदल्याचा एक भाग कामगिरीवर ठरतो आणि त्या कामगिरीत टेलिकन्सल्टेशनही मोजलं जातं. महिनाअखेरीला उरकलेला कॉल आणि आजीला खरोखर उपयोगी पडलेला कॉल तक्त्यात सारखेच दिसतात. औषध संपायच्या आत रुग्ण आपणहून परत आला का, हे मोजायला हवं.

फोनवरून उपचार सांगायला डॉक्टरही कचरत, पण त्यांच्या संकोचाचं कारण वेगळं होतं. रत्नागिरीतल्या एका प्रकरणात बाळंतिणीवर फोनवरून उपचार सांगितले गेले आणि तिचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. ही बातमी राज्यातल्या डॉक्टरांमध्ये वाऱ्यासारखी पसरली. फोनवर औषध सांगणं म्हणजे उद्या कोर्टाची पायरी, हे डोक्यात पक्कं बसलं. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. कुठलं औषध पहिल्याच बोलण्यात लिहिता येईल, कुठल्यासाठी व्हिडिओ हवाच, कुठलं अजिबात लिहायचं नाही, हे त्यात आलं. आरोग्यसेविका मध्ये असेल तर तिने काय करायचं तेही आलं. डॉक्टर तंत्राला बिचकतात असं सरसकट म्हटलं जातं, ते बरोबर नाही. चूक झाली तर आपल्या पाठीशी कोण, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

सगळ्या दुखण्यांना पडदा चालतही नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. अशा वेळी, किंवा साप चावला तर, रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवायचा असतो. राज्यात २०१४ पासून सुरू असलेला हा क्रमांक शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ आहे. त्यासाठी कुणी प्रशिक्षण दिलं नाही.

आता उलट बाजू. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधलं ‘आभा’ खातं बघा. चौदा आकडी क्रमांक, बहुधा आधारवरून काढायचा. आधारला जोडलेला मोबाईल मुलाचा, मुलगा कामाला हैदराबादला. त्याला फोन लावायचा, त्याने कामातून बाजूला होऊन ओटीपी वाचून दाखवायचा, तोवर मुदत संपलेली. मग अंगठा. वर्षानुवर्षं कापूस वेचून आणि निंदण करून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन सहजी घेत नाही. आजी बोट पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा पुसते. एवढं करून त्या दिवशी तिच्या हातात एक क्रमांक पडतो, ज्याचं काय करायचं हे तिला कुणी सांगत नाही. क्षयरोगाच्या ‘निक्षय’ नोंदणीत असं होत नाही. तिथे २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात येऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. रुग्ण पासबुक स्वतः घेऊन येतो.

सिकलसेलचा प्रश्न याहून नाजूक. गोंड, कोलाम, परधान या समाजांत हा आजार पिढीजात आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचं लक्ष्य चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. तपासणी बघण्यासारखी असते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकून नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर काळजी नाही, गढूळपणात हरवल्या तर पुढची तपासणी. निकाल पोर्टलवर जातो. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्नाआधी हे कळणं फार मोलाचं. पण वाहक असल्याचं गावात फुटलं तर मुलीचं जुळत आलेलं लग्न मोडेल, हीच भीती तिला तपासणीपासून लांब ठेवते. माझा निकाल कोण-कोण बघू शकतं, हा तिचा पहिला प्रश्न. त्याचं सरळ उत्तर तपासणीच्या टेबलावरच, तिच्या भाषेत मिळायला हवं. ते न देता तिला अडाणी ठरवणं हा अन्याय आहे.

आणि ज्यांच्या बोटांवर ही सगळी व्यवस्था चालते त्या बाया? सिस्टरांच्या मोबाईलमध्ये गरोदर मातांसाठी एक ॲप, बीपी-शुगरसाठी दुसरं, क्षयरोगासाठी तिसरं, लसीकरणाचं यू-विन चौथं. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. शिवाय कागदी रजिस्टर आहेतच, कारण रेंज गेली की भरवसा त्यांचाच. दिवसभर गावात फिरून रात्री घरी बसून तीच माहिती पुन्हा भरायची. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. फोन निकृष्ट आणि पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. त्याला तंत्रविरोध म्हणणं चुकीचं होतं. त्याच बाया घरी व्हॉट्सॲपवर बचतगट चालवत होत्या.

म्हणून आरोग्य विभागाकडे दोनच मागण्या आहेत. पुढचं ॲप मुंबई-पुण्याच्या सभागृहात दाखवण्याआधी केळापूर तालुक्यातल्या एखाद्या पोडावर, रेंज नसलेल्या दुपारी, कोलामी बोलणाऱ्या बाईसोबत चालवून बघा. आणि ते ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवसापासून कुठलं रजिस्टर बंद, हे त्याच आदेशात लिहून द्या.