वाद्यपथकावरून शाळा-मंडळांची तुलना

आमच्या शाळेंतून पुष्कळ वर्षांपूर्वीं बाहेर पडलेले व सध्यां अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत राहणारे एक माजी विद्यार्थी यांचें पत्र गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्हांस आलें. त्यांना घर घ्यावयाचें होतें. तीन ठिकाणें नजरेपुढें होतीं. आणि त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीनें एकच अट घातली होती, कीं ज्या गांवच्या शाळेचें वाद्यपथक चांगलें असेल तेथेंच राहावयाचें. 'आपण शाळेंत बँड शिकवीत होतां, तेव्हां एवढें सांगा,' असें त्यांनीं लिहिलें होतें. आमच्या बँडांत आठ बांसऱ्या, चार पडघम व एक फुटका बिगूल होता, ही गोष्ट ते विसरले असावेत. तथापि प्रश्न मनोरंजक वाटला, म्हणून त्याची जी चौकशी आम्हीं केली ती येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. तेथील 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे. तें एक स्वतंत्र शाळा-मंडळ असतें. त्याचे सभासद बहुधा लोकच निवडून देतात, त्याची हद्द ठरलेली असते, आणि हद्दींतील घरांवर व जमिनींवर बसविलेला कर हें त्याच्या उत्पन्नाचें एक मुख्य साधन असतें. अशीं मंडळें त्या देशांत सुमारें १३,००० आहेत. एकट्या टेक्सासांत १,००० हून अधिक. मूल ज्या हद्दींत राहतें त्याच हद्दींतील शाळेंत तें बहुधा जातें. म्हणून तेथें घर निवडणें म्हणजे शाळा निवडणें होय.

आतां वाद्यपथक म्हणजे काय तें पाहूं. लष्करी बँडापासून निघालेली ही विद्या अमेरिकेंत फुटबॉलच्या मैदानावर येऊन स्थिरावली. मैदानाची लांबी गोलरेषांमध्यें १०० यार्ड. त्यावर दर पांच यार्डांस एक पांढरी रेघ मारलेली असते, आणि वादकानें दोन रेघांमधील अंतर बरोबर आठ पावलांत तोडावयाचें असतें. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचें. उंच मुलगा असो कीं ठेंगणी मुलगी असो, पाऊल तेवढेंच. शंभर-दोनशें मुलें अशा मोजलेल्या पावलांनीं वर्तुळें, चौकोन व लाटा रचितात, मोडितात आणि त्याच वेळीं वाजवीतहि असतात; बहुतेक पथकांत पुढें कागद नसतो, सर्व मुखोद्गत असतें.

यांतील खरी अडचण पदार्थविज्ञानाची आहे, आणि आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ती स्वतः गणित करून पाहावी. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. मैदानाच्या एका टोंकाच्या तुतारीचा स्वर दुसऱ्या टोंकास, म्हणजे ९१ मीटरांवर, पोहोंचण्यास पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. मिनिटास १२० ठोक्यांची चाल धरली तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे आवाज अर्ध्या ठोक्याहूनहि अधिक मागें पडला! जो वादक दूरच्या सोबत्याचा स्वर ऐकून त्याच्याबरोबर वाजवील तो प्रेक्षकांच्या कानीं उशिरांच पोहोंचेल. म्हणून अशा मुलांस दूरच्या स्वरावर विश्वास न ठेवतां उंच चौथऱ्यावरील नायकाच्या हाताकडे डोळे लावण्यास शिकवितात. हें एका दिवसांत साधत नाहीं. त्यास वर्षें लागतात, व तीं कोठें लागतात हें ठाऊक असल्यावांचून तुलना करतां येत नाहीं.

सामान्य लोक तुलना करितात ती स्पर्धांवरून. टेक्सासांत 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग' ही संस्था शाळांचे पटसंख्येवरून सहा वर्ग पाडते. पहिल्या फेरींत पथकांचा क्रम लावीत नाहींत. ठरलेल्या मापाप्रमाणें एकपासून पांचपर्यंत श्रेणी देतात, आणि सर्वांस पहिली श्रेणी मिळाली तरी कोणाची हरकत नसते. ही पद्धत आम्हांस फार न्याय्य वाटते. क्रम लागतो तो पुढील फेऱ्यांत. संस्थानभरची अंतिम स्पर्धा १९७९ पासून सुरू झाली, आणि मोठ्या शाळांची ती लढत सॅन अँटोनियो शहरांतील अलामोडोम या छताखालच्या मैदानांत होत आली आहे. देशभरच्या पथकांसाठीं 'बँड्स ऑफ अमेरिका' यांची मोठी स्पर्धा इंडियानापोलिस येथें भरते.

परंतु या निकालांवरून शाळा-मंडळाची परीक्षा करूं गेल्यास फसगत होते. स्पर्धेंत उतरते ती शाळा, मंडळ नव्हे. एका मंडळाच्या पांच हायस्कुलांपैकीं एक अलामोडोमपर्यंत जाते आणि चार घरीं बसतात. यशाचा डंका मात्र पांचांच्याहि नांवें वाजतो. उलट, एकच शाळा असलेलें लहान मंडळ खालच्या वर्गांत उत्तम काम करीत असतें व त्याचें नांव कोणी घेत नाहीं. शिवाय या यादींत खाजगी शाळा येतच नाहींत. शिकागोजवळील मॅरियन कॅथलिक हायस्कूल ही आपल्यासारखीच धर्मसंस्थेची शाळा. तिच्या पथकानें देशपातळीवरील अजिंक्यपद अनेकदां मिळविलें आहे, पण ती कोणत्याच मंडळांत बसत नाहीं.

दुसरा, आणि आमच्या मतें अधिक गंभीर, प्रश्न पैशाचा. खांद्यावर वेढून घ्यावयाचें सूझाफोन हें एकच वाद्य हजारों डॉलरांचें असतें. वाद्यें, गणवेष, मोटारींचें भाडें, उन्हाळ्यांतील शिबिरें हा खर्च मंडळ करितें, पालकांची साहाय्यक मंडळी वर्गणी गोळा करितात, आणि पुष्कळ ठिकाणीं मुलांकडूनहि फी घेतात. मग ज्या गांवचीं घरें मोलाचीं त्याच्या पथकास आरंभींच अर्धी लढाई जिंकलेली असते. ज्या सॅन अँटोनियोंत ही स्पर्धा होते त्याच शहरांत याविषयीं एक गाजलेला खटला उभा राहिला. १९६७-६८ सालीं तेथील एजवुड या गरीब मंडळास दर विद्यार्थ्यामागें ३५६ डॉलर मिळत, तर शेजारच्या अलामो हाइट्स मंडळास ५९४. एजवुडच्या पालकांनीं दाद मागितली. १९७३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती फेटाळली. पुढें १९८९ सालीं टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानें मात्र त्या संस्थानाच्या घटनेच्या आधारें ही व्यवस्था अवैध ठरविली, आणि १९९३ च्या कायद्यानें श्रीमंत मंडळांच्या उत्पन्नाचा कांहीं भाग इतरांकडे वळविण्यांत आला. अंतर कमी झालें. नाहींसें झालें नाहीं. तेव्हां पदकें मोजणारा मनुष्य पुष्कळदां घरांच्या किमतीच मोजीत असतो.

यास्तव आम्हीं आमच्या मित्रांस लिहिलें, कीं कपाटांतील ढालींकडे पाठ करून सहावीच्या वर्गांत जा. टेक्सासांत वाद्यशिक्षण बहुधा त्याच इयत्तेंत सुरू होतें, आणि हायस्कुलाचें पथक तेथेंच घडतें. तेथें क्लॅरिनेटवाल्यांचा वर्ग निराळा, तुतारीवाल्यांचा निराळा, अशी सोय आहे काय? ज्यास वाद्य विकत घेतां येत नाहीं त्यास शाळा तें उसनें देते काय? सहावींत शंभर मुलें आरंभ करितात, त्यांतील किती बारावीपर्यंत टिकतात? हायस्कुलाचा शिक्षक मधल्या शाळेंतहि येऊन शिकवितो काय? या चार उत्तरांपुढें अलामोडोमचें पदक आम्हांस हलकें वाटतें. वाद्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघाशीं संबद्ध असलेलें नॅम फाउंडेशन संगीतशिक्षणांत चांगल्या ठरलेल्या मंडळांची यादी दर वर्षीं काढतें. ती उपयोगी आहे. तथापि जीं मंडळें माहिती भरून पाठवितात त्यांचाच तींत विचार होतो, हें ध्यानांत असावें.

आईबापांच्या मनांत आणखी एक शंका असते: या कवायतींत अभ्यास बुडणार नाहीं ना? तेथील नियम याविषयीं कडक आहेत. शाळेच्या वेळेबाहेर सरावास शाळेच्या आठवड्यांत आठ तासांची मर्यादा आहे. आणि १९८४ च्या कायद्यानें, कोणत्याहि विषयांत ७० पेक्षां कमी गुण पडल्यास सहा आठवडे मैदानाबाहेर राहावें असें ठरलें. १९९५ सालीं ती मुदत तीन आठवड्यांवर आली. एक मुलगा गळला कीं रचनेंत त्याच्या जागीं भोंक पडतें आणि तें सगळ्या गांवास दिसतें! म्हणून सोबतीच त्याला बीजगणित शिकवावयास बसतात, असें आमचे मित्र कळवितात.

त्यांचें दुसरें पत्र फाल्गुनांत आलें. तीनहि ठिकाणच्या सहावीच्या वर्गांत ते मुलीला घेऊन जाऊन बसले होते. जें मंडळ त्यांनीं निवडलें त्याच्या पथकास गेल्या वर्षीं दुसरी श्रेणी मिळाली होती. तेथील शिक्षकांनीं मुलीचे ओंठ व दांत पाहून, क्लॅरिनेटवाले पुष्कळ झाले आहेत, युफोनियम घेशील काय, असें विचारलें. वाद्य शाळेचें, भाडें नाहीं. पहिले कांहीं आठवडे त्यांतून म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज निघे व शेजारी तक्रार करीत. आतां ती एक सप्तक वाजविते.