फ्रँकफर्ट येथील पांच तास

परदेशाच्या वाटेवर विमान बदलण्यासाठीं कोठें आठ-नऊ तास थांबावें लागलें, तर बहुतेक मंडळी तो वेळ विमानतळावरील खुर्चींत पेंगण्यांत घालवितात. आमचाही बेत तसाच होता. यवतमाळहून मुंबई, तेथून फ्रँकफर्ट आणि पुढें स्टॉकहोम येथें कन्येकडे, असा आमचा मार्ग. फ्रँकफर्टला सकाळीं सहाला उतरावयाचें आणि दुपारीं तीनला पुढील विमान. "नऊ तासांत पुरणाचा स्वयंपाक होऊन पन्नास पानें उठतात, मग एक गांव पाहून होणार नाहीं काय?" असा प्रश्न सौभाग्यवतींनीं टाकला, आणि आमचें मौन ही संमति समजण्यांत आली.

निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या संसारांत खर्चाचा विचार आधीं येतो. सुदैवानें जर्मनी व स्वीडन हे दोन्ही देश शेंगेन करारांत असल्यामुळें एकाच परवान्यावर आम्हांस नगरांत जातां आलें. अमेरिकेस जाणाऱ्या भारतीय प्रवाशास मात्र विमानतळाबाहेर पाऊल टाकण्यासाठीं हा परवाना मुद्दाम काढावा लागतो. जून २०२४ पासून त्याचें शुल्क प्रौढ माणशीं ९० युरो आहे. पांच तासांच्या हौसेसाठीं तेवढा खर्च करावा, असें आम्ही कोणास सुचविणार नाहीं. जड सामान परस्पर पुढें गेलें होतें. विमानतळाच्या पोटांतच लोकल गाडीचें स्थानक आहे. तेथें दिवसभराचें तिकीट काढलें आणि पाव तासांत मुख्य स्थानकावर पोंचलों.

फ्रँकफर्ट ही युरोपांतील पैशाची पेठ. रॉथशिल्ड या सुप्रसिद्ध पेढीवाल्या घराण्याचा मूळ पुरुष १७४४ सालीं येथेंच जन्मला. युरोपीय मध्यवर्ती बँकही १९९८ पासून येथेंच आहे. काचेचे मनोरे पाहून मान अवघडली, तेव्हां आम्ही जुन्या नगरभवनाच्या चौकांतून माइन नदीवर गेलों. तेथील लोखंडी पादचारी पुलावरून पूर्वेस त्या बँकेचा उंच मनोरा दिसतो. त्याच्या पायथ्याशीं १९२८ सालच्या जुन्या घाऊक भाजीबाजाराची इमारत आहे. त्याच बाजाराच्या तळघरांत १९४१ पासून नाझी राजवटीनें नगरांतील ज्यू कुटुंबें गोळा केलीं आणि आगगाड्यांत कोंबून छळछावण्यांकडे धाडलीं. आज तेथें स्मारक आहे. नदीकांठच्या बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या सोडल्या खऱ्या, पण हें आठवतांच घांस जड झाला.

दहा वाजतां महाकवि गटे याच्या जन्मघराचें दार उघडलें. प्रवेशशुल्काचा फलक पाहून आमच्या कपाळाला आठ्या पडल्या. आम्हीं म्हटलें, "हें मूळ घर नव्हेच. तें २२ मार्च १९४४ रोजीं बाँबवर्षावांत नष्ट झालें. योगायोग असा कीं, कवीची पुण्यतिथिही तीच. नकलेसाठीं पैसे कशाला मोजावयाचे?"

"अहो, ज्यानें आपल्या शकुंतलेला डोक्यावर घेतलें, त्याच्या दारावरून परत फिरायचें?" सौभाग्यवती म्हणाल्या.

यावर उत्तर नव्हतें. कालिदासाचें तें नाटक विल्यम जोन्स यानें १७८९ सालीं इंग्रजींत आणलें. त्यावरून गेऑर्ग फोर्स्टर यानें १७९१ सालीं जर्मन भाषांतर केलें, आणि त्याच वर्षीं गटेनें त्याच्या स्तुतिपर चार ओळी लिहिल्या. 'फाउस्ट'च्या आरंभींचा नाट्यगृहांतील प्रवेश त्याला शाकुंतलांतील सूत्रधारावरून सुचला, असें अनेक विद्वान मानतात.

आंतील सामान युद्धकाळांत अन्यत्र हलविलेलें असल्यामुळें वाचलें. कवीला लहानपणीं आजीनें दिलेलें बाहुल्यांचें नाट्यगृहही येथें आहे. घराची पायाभरणी १९४७ सालीं झाली व १९५१ सालीं तें पुन्हां उघडलें. 'श्रीमंतांस असले खर्च शोभतात,' असें आम्ही म्हणणार, तोंच तें साल ध्यानांत येऊन जीभ आवरली. १९४७ सालीं येथें मनोरे नव्हते. जुनें गांव दगडविटांचा ढीग होऊन पडलें होतें आणि लोकांस अन्नही मोजून मापून मिळत होतें.

त्या जिन्यावर आम्हांस घरची शकुंतला आठवली. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवरील गाडीस आमच्याकडे याच नांवानें ओळखतात. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांकडे जावा, म्हणून इंग्रज कंपनीनें ती घातली. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बनलेलें वाफेचें एंजिन तिला १९९४ पर्यंत ओढीत होतें. त्याच गाडीनें सौभाग्यवती नववधू म्हणून यवतमाळास आल्या. आतां ती गाडी धावत नाहीं.

"हातीं पैसा आला म्हणजे करूं, असें आपण म्हणतों," जिना उतरतांना त्या म्हणाल्या, "यांनीं पैसा नसतांना केलें."

साडेबाराची गाडी धरून एक वाजतां आम्ही विमानतळावर परतलों. असें धाडस करणाऱ्यांनीं परतीसाठीं निदान दोन तास हातीं ठेवावे. तपासणीची रांग कोणासाठीं थांबत नाहीं. खर्च म्हणावा तर गाडीचीं तिकिटें आणि दोन प्रवेशिका, एवढाच. फराळ घरचा, पाणी नळाचें. प्रवेशिकांची रक्कम आम्हीं वहींत 'किरकोळ' या सदरीं टिपली होती. विमानांत बसल्यावर ती खोडून 'देवदर्शन' या सदरीं मांडली.