ताटातला घास आणि आमची जागृती

शहरांत सध्या ‘माइंडफुल ईटिंग’ची चलती आहे. सावकाश खा, नीट चावून खा, जेवताना टीव्ही-मोबाईल बंद ठेवा, पोट भरले की थांबा, हे आता पैसे घेऊन शिकविले जाते. आम्हा बौद्धांना यात नवे काय? खाताना, पिताना, चावताना, चव घेताना जागृत राहा, असे सतिपट्ठान सुत्त सांगते. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला आहाराची मात्रा ओळखण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश रोज जेवणाच्या वेळी म्हणण्यास नेमले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला.

पण राजाचा प्रश्न अति खाण्याचा होता. आमच्या पूर्वजांना पोटभर मिळणेच कठीण होते आणि मिळे तेही उष्टे-शिळे. म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्यास बजावले. घास तोंडात घालण्यापूर्वी तो कोणत्या हातून, कोणत्या अटीवर आला हे पाहा, हाच त्याचा अर्थ. आमच्या दृष्टीने जागृत भोजनाचा पहिला धडा हाच. हा धडा विसरून कोणी नुसता घास चावत बसला, तर त्याने दात झिजविले एवढेच म्हणावे लागेल.

चंद्रपूर-गडचिरोली हा धानाचा मुलूख. येथे ताटात भात असतोच. त्या भाताकडे नीट पाहिले तर नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवतात. अल्पभूधारक बौद्ध शेतकरी. १९८३ साली आपल्या बांधीत त्यांना धानाच्या तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. हजारो लोंब्यांत तीन ओळखायच्या, तर नजर किती जागी हवी! ते बियाणे त्यांनी वर्षानुवर्षे निवडून वाढविले आणि एचएमटी तांदूळ देशभर पोहोचला. मनगटी घड्याळाचे नाव तांदळाला मिळाले. पिकविणाऱ्याचे नाव किती घरांत माहीत आहे? दादाजींचा सन्मान झाला, पण अखेरची वर्षे तंगीत गेली. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. भाताचा घास घेताना हे आठवणे, हीसुद्धा स्मृतीच.

आता आमच्या घरांकडे वळू. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली बाई घरी सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले खाते. बाबासाहेबांनी उष्टे सोडायला लावले, ते काय फक्त पुरुषांना? आणि जयंतीच्या भोजनदानात पत्रावळीवर टाकलेला भात? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०२१ साली उठली. पण पंचशीलातले पाचवे शील कोणत्या शासनाने उठविले?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या भूमीच्या लेकरांनी शिबिराची फी भरण्याची गरज नाही. रात्री टीव्ही बंद करावा, घरच्या बाईसह सर्वांनी एका पंगतीत बसावे, लागेल तेवढेच वाढून घ्यावे आणि पहिल्या घासापूर्वी तो पिकविणाऱ्याला आठवावे. धम्म विहारात असतो तसा ताटातही असतो. आजच्या जेवणापासूनच सुरुवात करू या.