उबवणी पेटीचा थर्मोस्टॅट: जोडणी आणि वापर
घरगुती विजेची साधने : लेखांक ६

थर्मोस्टॅट म्हणजे तापमान पाहून आपोआप चालू-बंद होणारा स्विच. थंड देशांत तो दिवाणखान्याच्या भिंतीवर असतो आणि घर ऊबदार ठेवण्याचे यंत्र चालवतो. डहाणू-तलासरीत घर तापवण्याची वेळ कोणावर येत नाही. इथे थर्मोस्टॅट फ्रिजमध्ये, गिझरमध्ये, इस्त्रीत किंवा एसीत असतो, पण तो कारखान्यातूनच बसवून येतो. तो वेगळा विकत आणून, वायरी जोडून, आकडे भरून चालवण्याचे घरगुती काम या भागात मुख्यतः एकच: अंडी उबवण्याची पेटी.

पेटीची गरज गावठी कोंबडीच्या स्वभावातून येते. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, २१ दिवस अंड्यांवर बसते आणि पुढे काही आठवडे पिल्लांमागे फिरते. तेवढे दिवस अंडी बंद. अंडी पेटीत गेली, तर कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते. परसात पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्या तलासरीच्या पाड्यांवर हा फरक लहान नसतो.

थर्माकोलची किंवा प्लायची पेटी, तिच्यात पिवळे बल्ब, हवा फिरवणारा लहान पंखा आणि पाण्याचे भांडे, ही बांधणी मागील लेखांकात आली. एलईडी दिवा इथे कामाचा नाही. त्याची उष्णता पुरत नाही. चाळीस वॅटच्या एका बल्बपेक्षा पंचवीसचे दोन बरे, कारण एक उडाला तरी दुसरा तग धरतो. बल्ब थर्माकोलला टेकता कामा नये.

बाजारात एसटीसी-१००० या नावाने मिळणारा डिजिटल कंट्रोलर अशा पेट्यांत सर्रास वापरतात. त्याच्या मागे आठ टर्मिनल असतात. १ आणि २ वर कंट्रोलरचा स्वतःचा वीजपुरवठा, ३ आणि ४ वर सेन्सर, ५ आणि ६ वर तापवण्याचा रिले, ७ आणि ८ वर थंड करण्याचा रिले. नवख्याची चूक बहुधा ५-६ वर होते. या दोन टर्मिनलांतून वीज ‘येईल’ असे समजून बल्ब थेट तिथे जोडला जातो आणि तो पेटत नाही. रिले म्हणजे नुसता स्विच; त्याला वीज बाहेरून द्यावी लागते. बोर्डावरची फेज ५ मध्ये जाते, ६ मधून बल्बाकडे, आणि बल्बाची दुसरी वायर न्यूट्रलला. रिलेतून फेजच तोडावी, न्यूट्रल नाही. तसे न केल्यास दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये करंट राहतो आणि पाण्याचे भांडे भरताना हात तिथेच जातो. हे काम मेन स्विच बंद करून, वायरमनच्या देखरेखीखाली करावे.

कंट्रोलर पेटीच्या बाहेरच बसवावा. आतल्या दमट हवेत त्याचे आयुष्य कमी होते. बोर्डी, घोलवड, चिंचणी या किनाऱ्यावरच्या गावांत खारी हवा टर्मिनलांच्या स्क्रूंनाही गंज आणते. ढिली, गंजलेली जोड तापते. म्हणून प्रत्येक खेपेआधी स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत.

पेटीचे खरे यश मात्र सेन्सरच्या जागेवर ठरते. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर असावा, पण अंड्याला किंवा जाळीला टेकलेला नसावा. बल्बाचा उजेड त्याच्यावर थेट पडला, तर तो हवेऐवजी बल्बाची धग मोजतो. मग पडद्यावर ३७.५ दिसते आणि अंडी त्याहून थंड राहतात. मध्ये आडोशाला पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची पट्टी पुरते. पुठ्ठा बल्बापासून लांब हवा. पंखा नसेल, तर पेटीत वर गरम आणि खाली थंड असे थर होतात. अशा पेटीत अंड्यांच्या वरच्या कडेशी ३८.५ अंशांच्या आसपास तापमान ठेवतात. पंखा असेल तर ३७.५.

सेन्सर काही दशांशांनी खोटा असू शकतो. त्याची परीक्षा घरातल्या तापाच्या डिजिटल थर्मामीटरने होते, कारण तो नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. स्टीलच्या पेल्यात कोमट पाणी घ्यावे, सेन्सर आणि थर्मामीटरचे टोक शेजारी धरावे, पाणी ढवळत दोन्ही आकडे पाहावेत. सेन्सर अर्धा अंश कमी दाखवत असेल, तर ०.५ ची दुरुस्ती कंट्रोलरच्या एफ४ या सेटिंगमध्ये भरावी; ती कशी, ते पुढे पाहू.

आकडे भरण्यासाठी एस हे बटण तीन सेकंद दाबून धरतात. पडद्यावर एफ१ येते. बाणांनी एफ१ ते एफ४ यांतून निवड होते; एस दाबून धरूनच बाण दाबला की किंमत बदलते. शेवटी पॉवरचे बटण एकदा दाबावे लागते. ते न दाबता दहा सेकंद गेले, तर बदल जतन होत नाहीत. ‘मशीन आकडा धरत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा एवढेच असते. एफ१ म्हणजे हवे असलेले तापमान, ३७.५. एफ२ म्हणजे फरक. तो ०.३ ठेवला की ३७.२ ला बल्ब लागतो आणि ३७.५ ला विझतो. फरक एक-दोन अंशांचा ठेवला, तर बल्ब कमी वेळा लुकलुकतो, पण अंड्यांना झोके बसतात. एफ३ कॉम्प्रेसरच्या विश्रांतीचा काळ आहे. इथे कॉम्प्रेसर नसल्याने तो सर्वांत कमी, एक मिनिट ठेवावा.

अंड्यातला जीव थंडी जितकी सोसतो, तितकी उष्णता सोसत नाही. तीन-चार तास तापमान ३२ अंशांवर उतरले, तर वाढ मंदावते एवढेच; पण ४०.५ अंशांत अर्धा तासही जिवावर बेतू शकतो. म्हणून थर्मोस्टॅटचे मोठे काम बल्ब लावण्याचे नसून वेळेवर विझवण्याचे आहे. रिलेचे टोक कधी चिकटते आणि बल्ब विझतच नाही. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, ७-८ वर हवा बाहेर काढणारा छोटा पंखा लावणे, ३७.८ च्या पुढे तो सुरू होतो. दुसरा, ३९ अंशांना तुटणारा वेगळा थर्मोस्टॅट बल्बाच्या वायरीत जोडणे. खर्च वाढतो, पण हा दुसरा उपाय टाळू नये. शिवाय बल्ब गरजेपुरताच असावा. मे महिन्यात डहाणूची खोली ३३-३४ अंशांवर असताना फार थोडी उष्णता लागते, तर जानेवारीत तलासरीच्या आतल्या गावांत रात्री तोच बल्ब अपुरा पडतो. शेवटच्या आठवड्यात वाढलेली पिल्ले स्वतःच उष्णता टाकतात, तेव्हा पडद्याकडे जास्त लक्ष हवे.

हा थर्मोस्टॅट दमटपणा मोजत नाही. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी असते, आणि इथे ऋतूप्रमाणे हिशेब बदलतो. जुलैत किनाऱ्यावर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३७.५ पर्यंत तापली, की आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांवर येते. म्हणजे पहिले १८ दिवस पाण्याचे भांडे जवळजवळ लागतच नाही. जानेवारीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची हवा तेवढीच तापवली, तर जेमतेम १८ टक्के उरते. तेव्हा रुंद तोंडाचे भांडे हवे, कधी दोन. वर्षभर एकच भांडे ठेवणाऱ्यांची पावसाळी खेप त्यामुळेच अनेकदा बिघडते.

डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातली वीज मुख्यतः मुंबईच्या उपनगरांकडे जाते. पाड्यावरची लाईट महावितरणची, आणि पावसात झाड तारेवर पडले की ती जाते. कंट्रोलरमध्ये भरलेले आकडे वीज गेल्यावरही टिकतात, ते पुन्हा भरावे लागत नाहीत. पेटीवर गोधडी टाकावी, हवेची भोके मात्र उघडी ठेवावीत. जास्त वेळ लागणार असेल, तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवता येतात. पन्नास वॅटचा भार घरचा इन्व्हर्टरही काही तास ओढतो.

पिल्ले निघाली की हाच कंट्रोलर कृत्रिम दाईला, म्हणजे ब्रूडरला लावता येतो. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी, असा क्रम असतो. महागड्या कंट्रोलरमध्ये ही उतरती पायरी आधीच भरून ठेवता येते. साध्यात दर आठवड्याला एफ१ हाताने बदलावा लागतो, आणि चार वेळा बटण दाबण्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. एफ२ इथे एक अंश चालतो. इथे पडद्यापेक्षा पिल्लांकडे पाहणे जास्त भरवशाचे. बल्बाखाली एकमेकांवर चढली, तर ऊब कमी आहे. चोची उघडून कडेला पळाली, तर जास्त आहे. सगळीकडे पसरून चरत असतील, तर आकडा काहीही असो, तो बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर दिवसा बल्ब लागतच नाही, फक्त रात्री लागतो, आणि ते कंट्रोलर स्वतःच सांभाळतो. कोंबडीपालनाच्या बाकी प्रश्नांसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि कोसबाड टेकडीवरचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. पहिली अंडी ठेवण्याआधी उबवणी पेटी चोवीस तास रिकामी चालवून तापमान स्थिर राहते का, हे मात्र ज्याचे त्यानेच पाहावे.